सतरा नंबर

सळई हिरडीखाली जाते आणि मी आकडे बोलते:
तीन, दोन, पाच.
झुलेमा लिहून घेते.
पाचला रक्त.
पुकाल्पातली दुपार, पंखा नुसता उकाडा ढवळतोय,
आणि एउलोखियो मुरायारी, वय एकसष्ट,
पूर्वी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आता झाडं राखतो,
आ वासून छताकडे बघतोय,
जणू तिथे कुणी नदी टांगून ठेवलीय.

त्याची झाडं उकायालीच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर.
खोडाला तिरकी चीर दिली की लाल रस ओघळतो.
लोक झाडाला हाक मारतात तीच रक्ताच्या नावाने.
बाटल्या भरभरून तो बाजारात बसतो:
पोटाला, जखमेला, बाळंतिणीला,
आणि हलत्या दातांना.
त्याचे स्वतःचे मात्र चार गेलेत.
विचारलं तर म्हणाला,
विकायचा माल घरात कोण संपवतं?

आमच्याकडे दोन तऱ्हेच्या नळ्या होत्या.
एकीत त्या रसातून काढलेलं काहीतरी,
लिमाहून गाळून, वाळवून, तोलून आलेलं.
दुसरीत नुसता रंग.
कुणाला कुठली, ते पाकिटात बंद.
मलाही ठाऊक नव्हतं. नियमच तो:
ज्याने बघायचं, त्याने आंधळं राहायचं.

पहिल्याच दिवशी त्याने नळी पिळली,
तळहातावर घेतली, बोटाने घोटली,
घोटतच राहिला.
खरा रस घोटला की पांढरा पडतो, साबणासारखा फेस धरतो,
बाजारातली शेंबडी पोरंसुद्धा तसंच पारखतात.
याला काही फेस येईना.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
लेक पहिल्यांदा खोटं बोलल्यावर बाप बघतो तसं,
आणि हात पँटला पुसला.

सांगता आलं असतं
की दोन्ही नळ्यांना फेस येत नाही,
कारखान्यातून निघालेलं झाड झाडासारखं वागत नाही.
नाही सांगितलं.

चार, दोन, चार.
तीन, दोन, तीन.
दर मंगळवारी.
शिजलेल्या बीटासारखी त्याची हिरडी
फिकी होत गेली, दाताला धरून बसली.
सळईला रक्त लागेना.
झुलेमाने त्याच्या आकड्यांखाली हळूच एक फूल काढलं,
मी ते खोडलं.

बाराव्या आठवड्यात पाकिटं फोडली.
सतरा नंबर: नुसता रंग.

बोलावून घेतलं. आला, बसला,
शर्टाच्या खिशातून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली,
गळ्यापर्यंत लाल.
"दोन्ही लावत होतो, नेलिदा.
आधी हे. वरून तुझं.
तुला वाईट वाटू नये म्हणून."

मी कपाळ टेबलावर टेकलं.
आणि ब्रश?
"तो तर दोन्ही वेळा! तू दिलास ना.
मला ब्रश कुणी दिला होता याआधी?"

आता जस कुणाच्या पदरात घालू?
झाडाच्या, ब्रशच्या,
की आठवड्यातून एकदा कुणीतरी आपल्या तोंडात
इतक्या जवळून, न कंटाळता बघतं, त्याच्या?
कळत नाही.
हे दोन शब्द नीट म्हणता यावेत
म्हणून मी अकरा वर्षं शिकले.

अहवालात त्याला एक ओळ मिळाली:
"नियमभंगामुळे एक सहभागी वगळला."
बाकीच्यांत फरक इवलासा, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.
पुढील अभ्यास आवश्यक.
त्याने अहवाल मागितला नाही. बाटली विसरून गेला,
किंवा विसरला नसेलही.

काल रात्री माझीच अक्कलदाढ ठणकत होती.
दवाखाना बंद. खणातून बाटली काढली,
एक थेंब तळहातावर घेऊन घोटला.
लाल, मग गुलाबी,
मग खरोखर पांढरा.
बोट तोंडाशी नेलं आणि थांबले,
आधी मोजायला हवं.
आरशासमोर सळई घेऊन, वाकडं तोंड करून
मोठ्याने म्हणाले: तीन. दोन.
सहा.

लिहून घ्यायला झुलेमा नव्हती.